संतरामनं पाहिलेली पाठ

लाइट गेली ना? मग बसा गुमान. ही गोष्ट माझ्या शेजारच्या मुकुलवर बेतलेली. मी ती त्याच्याच तोंडून ऐकली. तो हिंगोलीत कॉलेजात इतिहास शिकवतो. एकाहत्तरच्या लढाईतून परत आलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी तो एका पुस्तकासाठी फोनमध्ये उतरवून घेत होता. कोण खरं सांगतो, कोण तिखटमीठ लावतो, हे ताडणं त्याचं काम.

गेल्या वर्षी पितृपक्षातली चतुर्दशी, शनिवार. हत्याराने गेलेल्यांना त्या दिवशी पान वाढतात. सकाळी मुकुल कळमनुरीजवळच्या एका खेड्यात गोजरबाईंकडे गेला. त्यांचा नवरा शिवशंकर लढाईतून परतलाच नव्हता. प्रेतही सापडलं नाही. सत्तरी उलटलेल्या बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. पान मात्र वाढलेलं नव्हतं.

"मावशी, आज काही केलं नाही?"

"लोक म्हणत्यात, पळाला. पळाला म्हंजे जिता असंल. जित्याचं पान कसं वाढू, लेकरा?"

पळपुट्याची बायको म्हणून तिनं अख्खा जन्म टोमणे खाल्ले, आणि त्याच टोमण्यावर आस लावून बसली.

पळाला हे सांगणारा एकच, त्याच्याच खंदकातला संतराम. संध्याकाळी मुकुल कळमनुरीत त्याच्यापुढं बसला.

"म्या पाहिलं. ह्या डोळ्यांनी. मागं पळून राहिला होता."

"बाबा, तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

"खंदकात पडलो होतो. पायात गोळी. उठता येत नव्हतं."

"मग त्याचं तोंड दिसलं?"

"न्हाई. पाठ."

मुकुल मला म्हणाला, "काका, खोटं बोलणारा साक्षीदार पकडता येतो. हा खोटं बोलतच नव्हता. तिथंच अडलं."

रात्री दहाला तो मोटारसायकलवर हिंगोलीकडे निघाला. वाटेत एका माणसानं हात केला. अंगात जाड लोकरी कोट. भाद्रपदाच्या उकाड्यात.

"गावाच्या फाट्यावर सोडता का, भाऊ?"

तो मागं बसला. गाडी दबली नाही. मुकुलच्या पाठीला मात्र गारठा लागला.

"संतरामची गाठ पडली व्हय?"

"हो... तुम्ही ओळखता?"

मग अगदी कानाशी...

"लय तहान लागली होती त्याला... पाणी भेटलं का?"

गोजरबाईंच्या गावाचा फाटा आला. ब्रेक. मुकुलनं मागं पाहिलं.

कोणी नाही.

सीटवर एक फौजी पाण्याची बाटली. भरलेली.

मुकुल तसाच कळमनुरीला परत फिरला. संतरामला उठवलं. म्हाताऱ्यानं बॅटरीच्या उजेडात बाटली उलटी केली. बुडावर कोरलेला त्रिशूळ होता. संतरामनं स्वतःच्या हातानं कोरलेला.

"माझी हाय... पाणी, पाणी म्हणून म्याच वरडत होतो. शिवशंकरनं माझ्या कमरेची रिकामी बाटली काढली... मंग माझी शुद्ध गेली. डोळे उघडले तं..."

"पाठ दिसली. पाणी आणायला निघालेल्याची," मुकुल म्हणाला.

"म्या खरं तेच सांगितलं रे... खरं तेच." आणि म्हातारा लेकरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, दोघं गोजरबाईंकडे गेले. संतरामनं पाय धरले. तिनं सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याचं नाव धुऊन निघालं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"म्हंजे... आता येणार न्हाई," एवढंच म्हणाली. पदरानं कुंकू पुसलं. उठून पान वाढलं आणि ती बाटली पानाशेजारी ठेवली.

काय गं जाई? मुकुलनं भुताची साक्ष पुस्तकात घातली का म्हणतेस? छे! संतरामची नवी साक्ष घातली. ती बाटली परत कशी आली, याबद्दल एक ओळही लिहिता आली नाही त्याला.

औंदा वैशाखात मी गोजरबाईंकडे गेलो होतो. भर दुपार, लख्ख उजेड, मी पूर्ण शुद्धीत. माठातलं पाणीसुद्धा कोमट झालं होतं. कोनाड्यात ती बाटली होती. मी हात लावला...

बर्फासारखी गार होती. आणि भरलेली.