काकू, आता रडा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही.

एवढंच सांगते, की हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय. त्या दिवशी तिथे असलेली माणसं आजही धडधाकट आहेत. त्यातला एक जण तर विषय निघाला की उठून बाहेर जातो.

आणि हो... रात्र नव्हती. वादळ नव्हतं. दिवे गेले नव्हते.

लख्ख दुपार होती.

माझी नणंद सिनेमे करते. पंचेचाळिशी उलटली, पण घरात ती अजून बेबीच. तिने एका आईची आणि घर सोडून गेलेल्या मुलीची गोष्ट तीन सिनेमांत सांगायला घेतली होती. कुणाच्या हाताखाली नाही, सगळं स्वतःच्या हिमतीवर. दोन भाग झाले. तिसऱ्याने मात्र तिच्या नाकी नऊ आणले. कधी जागा मिळेना, कधी माणसं मिळेनात. वर्षं गेली त्यात.

शेवटी फक्त एक प्रसंग उरला. अगदी शेवटचा.

आईने नवीन घर घेतलंय. मुलगी येईल म्हणून. मुलगी येणार नाही, हे आता तिला कळलंय. ती रिकाम्या घरात येते, खिडकीपाशी उभी राहते आणि नव्या काचेवर चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा हळूहळू सोलून काढते. उजेड आत येतो. बस. संपलं.

"आणि आई रडते," कॅमेरामन म्हणाला.

"नाही रडत," बेबी म्हणाली.

इथूनच सगळ्याला सुरुवात झाली म्हणा.

कॅमेरामन तिचा कॉलेजपासूनचा मित्र. तोही म्हणाला, रडू दे. ज्या कंपनीच्या ॲपवर हे सिनेमे दाखवले जात होते, तिथले साहेब म्हणाले, लोक तीन भाग थांबलेत, त्यांना रडायला तरी द्या. माझे मिस्टर म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा म्हटलं, "बेबी, चार अश्रू आले तर काय बिघडतंय?"

"वहिनी, तुम्हा सगळ्यांना एवढं रडायचं असेल तर घरी बसून रडा ना! माझ्या सिनेमात कशाला?"

तिचे कान किटले होते. येईल तो शहाणपणा शिकवायचा.

जागा मिळाली ती शहराच्या टोकाला. नवीकोरी इमारत, सहावा मजला. लिफ्ट सुरू झाली नव्हती. एकाही घरात माणूस राहायला आला नव्हता. भिंतींना ओल्या रंगाचा वास आणि फरशीवर सिमेंटचे डाग. दुसऱ्या दिवशी मालक ताबा घेणार होते, म्हणजे हाती तेवढीच एक दुपार.

हॉलच्या मोठ्या खिडकीला तीन काचा. तिन्हींवर प्लास्टिक. एकदा सोललं की गेलं. परत चिकटवलं तर तो आवाज येत नाही.

चर्रर्र... असा, कातडी सोलल्यासारखा.

म्हणजे तीनच संधी.

बेबीची काम करायची तऱ्हा वेगळी. ती आरडाओरडा करत नाही. नटाच्या कानात काय ते सांगते आणि खोलीतून निघून जाते. त्याला एकटं सोडते. कॅमेरामन कोपऱ्यात कॅमेऱ्यामागे. आवाज नोंदवणारा साउंडवाला बेडरूमचं दार लावून आत. बेबी स्वयंपाकघरात, छोट्या पडद्यासमोर.

आईचं काम करणाऱ्या काकू रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेल्या. बेबीने त्यांना सांगितलं, "काकू, काही दाखवू नका. फक्त सोला."

"बरं," काकू म्हणाल्या.

पहिली काच.

काकूंनी कोपरा नखाने उचलला. चर्रर्र... बेबी पडद्याकडे बघत होती. छान चाललं होतं. अर्ध्यावर काकूंचा हात थांबला.

त्यांनी मान जराशी वळवली. कुणीतरी मागून काही बोलावं आणि आपण ऐकावं, तशी.

हलकेच मान डोलावली.

आणि ढसाढसा रडायला लागल्या.

बेबी ताडकन उठून हॉलमध्ये आली. "काकू! काय हे? रडलात कशाला?"

काकू डोळे पुसत तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, तूच तर म्हणालीस."

"मी? कधी?"

"आत्ता. मागून. 'काकू, आता रडा,' असं."

"मी स्वयंपाकघरात होते!"

"मग तिथून म्हणाली असशील," कॅमेरामन म्हणाला. "मीपण ऐकलं. आणि काय सुंदर झालंय माहितीये? राहू दे हेच."

बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, हा या सगळ्यांचा कट आहे. सांगून ऐकत नाही ना, मग असं गळ्यात मारू. ती कॅमेरामनला खूप बोलली. तोही ऐकून घेणारा नाही.

"एकदा काय ते ठरव ना बाई! स्वतःच सांगायचं आणि स्वतःच आमच्यावर डाफरायचं!"

काकू मध्ये पडल्या. पाणी प्यायले सगळे. दुसऱ्या काचेसाठी उभे राहिले.

या वेळी बेबी स्वयंपाकघरात गेली नाही. ती बेडरूममध्ये साउंडवाल्याच्या शेजारी बसली आणि कानाला हेडफोन लावले. कोण बोलतंय ते पकडायचंच, असं तिने ठरवलं होतं. दार आतून लावून घेतलं.

काकूंच्या पदराआड छोटा माइक होता. त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. बांगडी काचेला लागल्याचा आवाज... नख... चर्रर्र...

मग दुसरा श्वास आला.

काकूंचा चालू असताना. त्याच्यावर.

बेबीने साउंडवाल्याकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं.

"काकू..."

आवाज अगदी जवळून आला. माइकला ओठ लागावेत इतक्या जवळून.

"काकू, आता रडा."

आवाज बेबीचा होता.

तिचाच. शब्दाच्या शेवटी किंचित घोगरा होतो, तोसुद्धा तसाच. फक्त फार थकलेला. वाद घालून घालून शेवटी कुणी 'बरं बाबा' म्हणतं ना, तसा.

साउंडवाला बेबीच्या तोंडाकडे बघत होता. ते मिटलेलं होतं. तिने तर त्यावर स्वतःचाच हात घट्ट दाबून धरला होता.

हॉलमधून काकूंचं रडणं ऐकू यायला लागलं.

"मॅडम..." तो पुटपुटला.

तिने नोंदलेलं परत लावायला सांगितलं. आवाज होता. पहिल्या वेळेचं लावलं. तिथेही होता. मग कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं. काकू एकट्या उभ्या होत्या. मागे कोरी भिंत.

कुणीही नाही.

बेबी सहा मजले उतरून खाली वॉचमनकडे गेली. "इमारतीत कुणी आहे का? एखादी बाई वगैरे?"

"कोण असणार, मॅडम? अजून एकाही घराची चावी दिलेली नाही."

"आधी इथे काय होतं? कुणी गेलं होतं का इथे... काम चालू असताना?"

तो हसला. "मोकळी जागा होती नुसती. आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही हो."

म्हणजे धरून बसावं असं काहीच नाही. कुणाची हळहळ नाही, कुणाची कहाणी नाही. बेबी मला नंतर म्हणाली, "वहिनी, तिथे कुणी मेलंबिलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं गं."

ती वर आली तेव्हा कॅमेरामन फोनवर बोलत होता. खुशीत. त्याने फोन तिच्यापुढे धरला. ॲपच्या कंपनीतले साहेब होते.

"अभिनंदन! शेवट बदललात, फार बरं केलंत. मी परत लावला तर तुमचा फोन बंद. म्हटलं यांच्या फोनवर तरी गाठावं."

"कुणी सांगितलं तुम्हाला शेवट बदलला म्हणून?"

"म्हणजे? तुम्हीच नाही का आत्ता फोन केलात? म्हणालात, आई रडेल, आणखी काही हवं असेल तर तेही करू. इतक्या शांतपणे बोललात, मला तर आश्चर्यच वाटलं!"

बेबीचा फोन सकाळपासून तिच्या पिशवीत होता. बंद.

तिने साहेबांना काहीतरी सांगून फोन ठेवला. कोपऱ्यात रंगाचा रिकामा डबा होता, त्याला अशी लाथ घातली की तो भिंतीवर आपटून गडगडत गेला. भीती नव्हती वाटली म्हणे तिला तेव्हा. नुसता संताप. एवढी वर्षं एकेकाला 'नाही' म्हणत ती इथवर आली होती, आणि आता तिच्याच आवाजात कुणीतरी सगळ्यांना 'हो' म्हणत सुटलं होतं. तक्रार करायची तर कुणाकडे?

ऊन खिडकीतून सरकायला लागलं होतं. एकच काच उरली होती.

कॅमेरामन हळूच म्हणाला, "दोनदा चांगलं झालंय. थांबूया ना आता."

"नाही."

तिने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. साउंडवाल्यालासुद्धा. तारा गुंडाळायची काळी चिकटपट्टी त्याच्याकडून घेतली, एक लांब तुकडा फाडला.

"काकू, या वेळी मी खोलीतून जाणार नाही. तुमच्या समोर बसते, कॅमेऱ्याच्या खाली. तुमची नजर माझ्यावर ठेवा. मी सांगितलंय तेवढंच करायचं. यापुढे जे ऐकू येईल, ते मी बोललेलं नाही."

आणि तिने ती पट्टी स्वतःच्या तोंडावर आडवी चिकटवली.

काकूंचा चेहरा पांढरा पडला. पण बाई जुन्या मुरलेल्या. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. कोपरा उचलला.

चर्रर्र...

काही नाही.

चर्रर्र...

साउंडवाला दाराला पाठ टेकून उभा होता. कॅमेरामन श्वास रोखून.

"काकू..."

सगळ्यांनी ऐकलं. या वेळी हेडफोनची गरज नव्हती.

"काकू, रडा आता."

काकूंची नजर बेबीच्या तोंडावरच्या काळ्या पट्टीवर खिळली होती. हात मात्र सोलत होता.

"रडा ना, काकू... किती ताणायचं? सगळे खूश होतील. रडा, म्हणजे सुटले मी."

आवाज बेबीच्या मागून येत होता. अगदी पाठीशी. तिच्या मानेवरचे केस हलले, असं ती सांगते. तिला वळून बघायचं होतं. पण वळली असती तर काकूंची नजर सुटली असती, आणि प्रसंग गेला असता.

ती वळली नाही.

काकूंनी मात्र नजर उचलली.

बेबीच्या खांद्यावरून मागे.

बराच वेळ त्या तिकडे बघत राहिल्या. डोळे कोरडे. चेहऱ्यावर असं काही, जे कुणी सांगून आणता येत नाही. हात सोलत राहिला... सोलत राहिला... प्लास्टिक सुटून खाली पडलं आणि उरलेलं सगळं ऊन एकदम आत आलं.

आवाज थांबला.

बेबीने पट्टी ओढून काढली. ओठाची साल निघाली. "झालं," एवढंच म्हणाली.

सामान कसंबसं आवरून सगळे जिने उतरले. खाली उघड्यावर आल्यावर बेबीने विचारलं, "काकू, माझ्या मागे कोण होतं? माझ्यासारखी दिसत होती?"

काकूंनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "नाही गं. तुझ्यासारखी बोलत होती फक्त."

त्यापुढे एक अक्षर नाही. आजतागायत नाही.

सिनेमा पुरा झाला. तिसऱ्या काचेचाच प्रसंग ठेवला. साहेबांना पटला नाही, पण बेबी त्यांच्या समोर जाऊन बसली आणि तोंडावर 'नाही' म्हणून आली. तिसरा भाग आहे तसाच दाखवला गेला. बघणारे विचारतात, त्या बाईंकडून हे कसं काढून घेतलंत? बेबी विषय बदलते.

साउंडवाल्याने एक गोष्ट सांगितली ती मला अजून कळलेली नाही. पहिल्या दोन्ही वेळचा आवाज आजही नोंदलेला आहे. तिसऱ्या वेळचा, जो चौघांनीही आपल्या कानांनी ऐकला, तो कुठेच नाही. तिथे नुसतं प्लास्टिक सोलल्याचं ऐकू येतं.

बेबीने त्यानंतर फोन वापरणं सोडलं. काम असेल तर ती स्वतः येते. आम्हाला म्हणते, "मी समोर दिसत नसेन तर माझा होकार धरू नका."

मी हे सगळं आज का लिहितेय, ते सांगते.

परवा दुपारी घरी फोन वाजला. मी कामात होते, उचलला. "वहिनी," पलीकडून आवाज आला. बेबीचा. सवयीने मला काही खटकलंच नाही. नेहमीसारखी सुरू झाले. किती दगदग करतेस, आता तीन सिनेमे झाले ना, पुरे झालं, एखादी बरी नोकरी बघ, माणसांत राहा.

मी थांबले. आता ही माझ्यावर ओरडणार, म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला.

"हो, वहिनी," ती शांतपणे म्हणाली. "तू म्हणशील तसं."

आणि खरं सांगू? क्षणभर मला इतकं बरं वाटलं... मी म्हणालेसुद्धा, "शहाणी गं माझी बेबी ती."

पलीकडे कुणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मग मला आठवलं, बेबी फोन वापरत नाही.