आजीची नाडी आणि हिरवा उजेड

हौसाबाई भांगरे यांचं हृदय धडधडत नाही, असं यंत्राने भर रांगेत जाहीर केलं, तेव्हा हौसाबाई दोन पायांवर ताठ उभ्या होत्या आणि चकली खात होत्या.

"कृपया रांगेबाहेर या," पाळण्याच्या फाटकावरचं ते खांबासारखं यंत्र म्हणालं. त्याचा आवाज गोड होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. "आपल्या हृदयाचे ठोके मिळत नाहीत. आपल्या जिवाला धोका आहे. कृपया विश्रांती कक्षात बसा."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मागच्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं, जणू आजीपासून त्याला काही लागण होणार होती.

अकरा वर्षांच्या चैत्रालीचे कान तापले. ही तिची आजी होती! नवरात्रात अजूनही कळसूबाईच्या शिखरावर चालत जाणारी, आणि वाटेत धापा टाकणाऱ्या पोरांना पाणी पाजणारी. 'गगनझेप' नावाच्या या उद्यानात सगळं कुटुंब सुट्टीला आलं होतं तेही आजीच्याच हट्टाने. टीव्हीवर तिने इथला 'अधांतर' नावाचा पाळणा पाहिला होता. उंच मनोऱ्यावरून तो एकदम खाली सुटतो आणि काही क्षण आतल्या माणसांना आपलं वजनच जाणवत नाही. तेव्हापासून तिचं एकच पालुपद होतं, "मला एकदा तरी पाखरावाणी हलकं व्हायचंय."

"आजी, आपण हलायचं नाही," चैत्राली म्हणाली. "हे यंत्र खोटं बोलतंय."

पण आजी हलली. चकली पिशवीत ठेवून, मान खाली घालून ती रांगेतून बाहेर पडली आणि विश्रांती कक्षाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. चार वर्षांच्या मल्हारने तिचा पदर धरला. "आजी, तू मरणार?"

"न्हाई रे सोन्या," आजी म्हणाली. पण तिचा हात छातीवर गेला होता. "सकाळी जिना चढताना जरा दम लागला व्हता खरा. मशीनला कळत आसंल बाबा. आपल्याला काय कळतंय?"

चैत्रालीला रडू फुटायच्या बेतात होतं, पण रडण्याऐवजी ती भडकली. एका गोड आवाजाच्या खांबाने दोन वाक्यांत तिच्या आजीला आजारी करून टाकलं होतं.

आई-बाबा जेवणाच्या टेबलाची जागा धरायला पुढे गेले होते. राहिले आबा, म्हणजे आजोबा, डॉक्टर लहानू भांगरे. ते औषधं देणारे डॉक्टर नव्हते. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर प्रकाशाचा अभ्यास केला होता. त्यांनी आधी आजीचं मनगट हातात घेतलं, डोळे मिटले आणि थोडा वेळ नाडी मोजली. मग ते चक्क हसले.

"आबा, हसताय काय! सगळ्यांसमोर तिचा अपमान झाला आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"हसलो कारण नाडी घड्याळासारखी चालली आहे. अपमान झाला हे खरंच. त्याचं काय करायचं ते करूच. पण आधी सांग, तुझी नाडी त्या यंत्राला सापडली, मल्हारची सापडली, माझी सापडली. हिचीच का नाही?"

 चैत्रालीने आपल्या मनगटावरचा पट्टा बघितला. उद्यानात शिरताना प्रत्येकाला असा पट्टा मिळाला होता. तो मनगटावरची नाडी मोजायचा आणि फाटकावरच्या यंत्राला कळवायचा.

"पट्टा उचलून खाली बघ," आबा म्हणाले.

तिने पट्टा सैल केला. आत हिरवा उजेड चमकत होता. त्याच्या शेजारी काळ्या मण्याएवढा एक ठिपका होता.

"तो ठिपका म्हणजे संवेदक (उजेड, उष्णता अशा गोष्टींतला बदल टिपणारा भाग). दिव्याचा हिरवा उजेड कातडीत थोडा आत शिरतो आणि त्यातला काही परत बाहेर येतो. रक्त लाल असतं. ते हिरवा उजेड शोषून घेतं, म्हणजे गिळून टाकतं. आता बघ. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते. रक्त वाढलं, तर परत येणारा उजेड वाढेल की कमी होईल?"

"कमी होईल. रक्ताने जास्त गिळला ना!"

"आणि लाट ओसरली की?"

"पुन्हा वाढेल. म्हणजे उजेड कमी-जास्त, कमी-जास्त होत राहणार. पट्टा तेच मोजतो!" चैत्राली थबकली. "मग पट्ट्याला ठोके ऐकूच येत नाहीत? तो फक्त उजेड बघतो?"

"फक्त उजेड बघतो."

चैत्रालीने आजीचा हात हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट-निळं गोंदण होतं. तुळशीचं रोप, त्याभोवती ठिपक्यांच्या रांगा, बांगड्यांच्या जागी वेल. लहानपणी, बाजाराच्या दिवशी, आजीने दातांवर दात आवळून ते गोंदवून घेतलं होतं. दुसऱ्या हातावरही तसंच होतं. आणि पट्टा बसला होता बरोबर त्या दाट वेलीवर.

"गोंदणाचा रंग!" चैत्राली ओरडली. "तो कातडीच्या आत असतो. सगळा उजेड तोच गिळतो. परत काही येतच नाही!"

"फार थोडा येतो," आबांनी दुरुस्ती केली. "इतका थोडा, की त्यातलं कमी-जास्त होणं ओळखता येत नाही."

"म्हणजे यंत्राला दिसलं नाही. आणि ते म्हणालं, आजीलाच काहीतरी झालंय!"

ती तरातरा फाटकापाशी गेली. तिथे केतकी दामले नावाच्या पर्यवेक्षिका उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बाळ, हे अतिशय प्रगत यंत्र आहे. रोज हजारो लोक तपासतं. ते चुकत नाही. आजींच्या भल्यासाठीच आहे ना?"

"मग ते हजारो लोक तपासून शिकलं तेव्हा त्यात गोंदणवाल्या किती होत्या?"

"ते... मला कसं माहीत असणार?"

चैत्राली माघारी पळाली. आजीच्या पिशवीत जेवणाबरोबर खायला आणलेल्या काकड्या होत्या. त्यातली एक घेऊन ती परत आली, आपला पट्टा काढला आणि काकडीला घट्ट गुंडाळून यंत्रासमोर धरला. रागाने तिचा हात थरथरत होता.

यंत्राने क्षणभर विचार केला. "ठोके मिळाले," ते गोड आवाजात म्हणालं. "हृदय उत्तम आहे. आपण आत जाऊ शकता. 'अधांतर'मध्ये आपले स्वागत!"

रांगेत हशा पिकला. चैत्राली मात्र हसली नाही.

"काकडीला आत घेता, आणि माझ्या आजीला नाही?"

दामलेबाईंचा चेहरा उतरला. "पण... काकडीला नाडी कुठून आली?"

"काकडीतून उजेड भरपूर परत येतो," मागून आलेले आबा म्हणाले. "हिचा हात थरथरतोय, त्याने तो उजेड कमी-जास्त होतो. यंत्र त्यालाच ठोके समजलं. बाई, तुमचं यंत्र वाईट नाही. पण त्याला मिळालेली खूण आणि खरी गोष्ट यांत अंतर असतं. ते अंतर माणसाने तपासायचं असतं. प्रथमोपचाराच्या पेटीत स्टेथोस्कोप असेल ना?"

पेटी होती. स्टेथोस्कोपवरचं प्लॅस्टिकही कुणी काढलेलं नव्हतं. दामलेबाई आजीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि नळी छातीला लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग आबांच्या सांगण्यावरून त्यांनी पट्ट्याचा संवेदक आजीच्या कानाच्या पाळीवर दाबून धरला. तिथे गोंदण नव्हतं. हिरवा उजेड चमकला आणि आकडा उमटला. अगदी आबांनी मोजला होता तसाच.

"आजी, तुमचं हृदय ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मी तुम्हाला निदान विचारायला तरी हवं होतं. चला, मी स्वतः तुम्हाला पाळण्यात बसवते."

आजी उठली. पदर खोचला. चैत्रालीला वाटलं, आता ती सरळ मनोऱ्याकडे जाणार. पण आजी उलट्या दिशेला वळली आणि विश्रांती कक्षाचं काचेचं दार उघडून उभी राहिली.

आत थंडगार हवेत माणसं बसली होती. एका म्हाताऱ्या बाईच्या हातावर आजीसारखंच गोंदण होतं. एका तरुणाच्या दंडापासून मनगटापर्यंत वाघ गोंदलेला होता. कोपऱ्यात एक आजोबा होते, त्यांच्या हातावर काहीच नव्हतं. त्यांची मुलगी फोनवर रडवेल्या आवाजात डॉक्टरांची वेळ मागत होती.

"ह्या समद्यांला पयलं तपासा," आजी म्हणाली. तिचा आवाज आता खणखणीत होता. "मंग मी जाईन. मघाशी मला वाटलं, माझंच कायतरी बिघाडलंय. ह्यांलाबी तसंच वाटत आसंल."

दामलेबाईंनी सगळ्यांना तपासलं. तरुण ठीक होता. गोंदणवाल्या बाई ठीक होत्या, आणि ते ऐकून त्यांनी आजीचे दोन्ही हात घट्ट धरले. कोपऱ्यातल्या आजोबांचे ठोके मात्र स्टेथोस्कोपमध्येही खरोखरच अडखळत होते. त्यांना लगेच दवाखान्यात पाठवलं.

"म्हणजे यंत्र त्यांच्याबाबतीत बरोबर होतं," चैत्राली जरा नाराजीनेच म्हणाली.

"होतं. म्हणून ते फोडायचं नाही, सुधारायचं," आबा म्हणाले.

"मग त्याला एक वाक्य शिकवा. 'मला नीट दिसलं नाही.' न दिसणं वेगळं आणि आजारी असणं वेगळं!"

दामलेबाई फाटकापाशी गेल्या आणि बराच वेळ पडद्यावर काहीतरी बदलत बसल्या. थोड्या वेळाने रांगेत आलेल्या एका बाईंच्या हातांवर मेंदी होती, कोपरापर्यंत काळीभोर. यंत्र म्हणालं, आणि या वेळी हळू म्हणालं, "माफ करा, मला आपली नाडी नीट दिसली नाही. मी माणसाला बोलावतो."

मग आजी मनोऱ्यावर गेली. पाळणा सुटला. तिची किंकाळी खालपर्यंत ऐकू आली आणि तिच्यामागोमाग तिचं हसणं. उतरली तेव्हा अंबाडा सुटला होता, डोळ्यांत पाणी होतं. "पुन्यांदा!" ती म्हणाली, आणि मल्हारने टाळ्या पिटल्या.

आबा आणि चैत्राली खाली कठड्याशी उभे होते.

"काय गं, गेला का राग?"

"बराचसा गेला," चैत्राली म्हणाली. "थोडा ठेवलाय."

"तो कशाला?"

"मला मोठेपणी यंत्रं बनवायची आहेत, आबा. तेव्हा लागेल."