राळ्याची वाट

मॅडमना झोप लागलीय तोवर सांगून घेते. जाग्या असल्या तर बोलू द्यायच्या नाहीत. "सिंधु, पुरावा काय?" एवढंच विचारतील आणि माझं तोंड बंद.

एसटीच्या ह्या खिडकीला डोकं टेकवून झोपल्यात ना, त्या डॉक्टर महामाया हनमंते. नांदेडला एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनच्या प्रोफेसर होत्या, आता रिटायर झाल्यात. मी त्यांच्याच विभागात समाजसेविका. बाकीचे डॉक्टर पेशंट तपासतात. आमच्या मॅडम मेलेल्या बायकांच्या घरी जायच्या. बाळंतपणात कुठं बाई गेली की आम्ही तिच्या दारात हजर. कळा कधी सुरू झाल्या, कोण काय म्हणालं, गाडी कुठं अडली, सगळं विचारायचं. उशीर नेमका कुठं झाला हे शोधण्यात मॅडमनी सगळी नोकरी घालवली. कॉलेजात त्यांना मागून 'तेराव्याच्या डॉक्टरीणबाई' म्हणायचे. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "निदान मी जेवायला तरी थांबत नाही."

वडिलांनी त्यांना बुद्धाच्या आईचं नाव दिलं. ती माउली बाळंतपणानंतर सातव्या दिवशी गेली. "तेव्हापासून मी चौकशीच करून राहिलेय," असं मॅडम थट्टेत सांगायच्या. भूतखेत, उतारा, करणी यातलं काही त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

तर असाच एकदा विभागात फोन आला. इस्लापूरच्या पुढं एका वाडीत विशीतली बाई गेली, नाव राजकन्या. आम्ही जीप काढली. चंद्रप्पा ड्रायव्हर, मॅडम आणि मी. पावसाळ्याचे दिवस, पण त्या दिवशी उघाड होती. वाटेत एक नाला लागला, घोट्याएवढं पाणी. पलीकडं गेल्यावर एका गुराख्याला राजकन्येचं घर विचारलं. त्यानं टेकाडाच्या अंगानं हात केला. चंद्रप्पा गाडीपाशी थांबला आणि आम्ही दोघी पायवाटेनं निघालो.

दुपार कलायला आली होती. अशा वेळी वाडीत काही ना काही आवाज असतोच. कोंबड्या असतात, कुणी दळत असतं, नाहीतर पोरं भांडत असतात. तिथं काहीच नव्हतं. घर जवळ आलं तसा वास आला, ओवा आणि बाळंतशेपांच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीचा वास. मी मॅडमना हळूच म्हटलं, "बाई गेली तरी धुरी चालूच?" त्यांनी मला गप्प बसायची खूण केली.

दारात एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या घरातली असेल. हिरवं विटलेलं लुगडं, पदर कपाळापर्यंत. मी तिच्या हातांकडं बघत राहिले. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती, नखं म्हणून राहिली नव्हती. आम्ही कोण, कशाला आलो, हे तिनं विचारलं नाही.

"बसा," म्हणाली. "तुमचीच वाट बघून राहिले."

मॅडम नेहमीसारख्या खाली जमिनीवर बसल्या. "आजी, राजकन्या तुमची कोण?"

"माय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मेलेली बाई विशीतली आणि ही ऐंशीची. वय झालं की माणसाचा गोंधळ होतो. मॅडमनी मायेनं परत विचारलं, "सून का तुमची?"

"माय व्हती. मला पाजलं बी न्हाई तिनं…"

पुढं ती बोलत गेली. आवाज इतका हलका, की आम्ही दोघी नकळत तिच्याकडं सरकलो.

"पोर झाली. पर वार पडंना… आज्जी म्हनली, पडंल सकाळपस्तोर. रगत जाऊन राहिलं, जाऊन राहिलं. मग बापानं अमृतरावाचा टॅक्टर आनला. तर नाल्याला पानी… नाल्याच्या ह्याच तीराला गेली."

"मग?" मॅडम म्हणाल्या. हा प्रश्न त्या एरवी विचारत नाहीत. चौकशी मरणापाशी संपते.

"जाळून येताना मान्सांनी वाटभर राळं टाकलं. बाळंतीन मेली की टाकत्यात. लई बारीक दाना. तिनं येक येक येचून काढायचा, तवा तिला घर घावतंय…" म्हातारीनं आपल्या बोटांकडं बघितलं. "ती येकली किती येचंल? म्या चालाय लागले तवापासून येचून राहिले. आज सरलं. आता वाट मोकळी हाय."

बोलून ती वाटेकडं बघू लागली. आम्हीही बघितलं.

वाटेनं एक बाई येत होती. डोक्यावर घागर, पोट पुढं, दिवस भरत आलेले. दमून मध्येच थांबायची, परत चालायची. जवळ येऊन तिनं घागर उतरवली आणि हसून म्हणाली, "कोनाकडं आलात? म्या राजकन्या. पानी दिऊ?"

मी मागं वळले. दारात कुणी नव्हतं. धुरीचा वासही गेला होता. घरात शिरून बघितलं. एकच खोली, मागं दार नाही.

"म्हातारी कुठं गेली?" मी विचारलं.

"कोन म्हातारी? आमच्यात म्हातारी हाय कुठं?"

आता ऐका. उलगडा नंतर झाला. गेलेली राजकन्या नाल्याच्या अलीकडच्या वाडीतली, नाव तेवढं एक. आम्ही चुकून भलत्याच घरी आलो होतो. जिवंत बाईच्या दारात बसून तिच्या मरणाची चौकशी केली होती!

एवढ्यात तिची सासू धुरपताबाई शेतातून धावत आली. आम्ही कशाला आलो ते गुराख्यानं चंद्रप्पाकडून ऐकून तिला सांगितलं असणार. "माझ्या जित्त्या सुनंचं मरान इचारायला आलाव व्हय? तोंड काळं करा!" तिनं दगडच उचलला. तिचं काय चुकलं? मी असते तर फेकला असता.

मॅडमनी हात जोडले. मॅडमना हात जोडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "चूक झाली माय. पण हिला आजच माझ्याबरोबर नांदेडला पाठवा. डोळे बघा, कसे पांढरे पडलेत. पाय सुजलेत. रक्त नाही हिच्या अंगात."

"बायकांना ह्येच असतंय. म्या पाच काढले, घरातच."

मॅडम दारात बसल्या, जिथं म्हातारी बसली होती तिथंच. उठेनात. राजकन्येचा नवरा देविदास आला, तोही समजूत घालू लागला, "वेळ आल्यावर बघू की मॅडम." मॅडमनी त्याला एकच विचारलं, "वेळ आली आणि नाल्याला पाणी असलं, तर अमृतरावाचा ट्रॅक्टर निघतो का?"

त्याचा चेहरा उतरला. "टॅक्टरचं तुमाला कोन सांगितलं? म्या सकाळीच बोलून आलो त्याला. आयेला बी ठावं न्हाई."

देविदासनं आईकडं, मग बायकोकडं बघितलं. शेवटी म्हणाला, "आय, म्या जातो हिच्यासंगं."

परतताना जीपमध्ये राजकन्या माझ्या खांद्यावर झोपली. मॅडम पुढं बसून सारख्या मागं वळून बघत होत्या. चंद्रप्पाला म्हणाल्या, "सावकाश घे रे. जन्मभर मी उशिराच पोचले. आज पहिल्यांदा वेळेत आलेय." मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्याच दिवशी पाऊस लागला. नाला फुटून वाहिला, वाडीचा रस्ता तुटला. आणि त्याच पावसात राजकन्या नांदेडला दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. वार पडली नाही. रक्त असं जायला लागलं, की सिस्टरांना कापसाचे बोळे पुरेनात. पण रक्ताच्या पिशव्या मॅडमनी आधीच आणून ठेवायला लावल्या होत्या, ऑपरेशनचे डॉक्टर दारात उभे होते. राजकन्या वाचली. मॅडम पलंगाशी तिचा तळवा चोळत बसल्या होत्या आणि पाळण्यातल्या पोरीकडं बघतही नव्हत्या. मी बघितलं. एवढीशी मूठ घट्ट आवळलेली. सिस्टरनं पुसायला म्हणून उघडली, तर आत पिवळे बारीक दाणे होते. सिस्टर म्हणाली, दुपट्याला चिकटले असतील.

असतील. मी वाद घातला नाही.

राजकन्या दर वर्षी नव्या तुरीची डाळ घेऊन मॅडमच्या घरी येते. आज सकाळीही आली, पोरीला घेऊन. पोरगी आता शाळेत जाते, चुणचुणीत आहे. मी तिथंच चहा पीत होते. आम्ही गप्पा मारत असताना पोरगी उठली, दार उघडलं आणि चटईवर सरकून बसली. "बस ना आज्जी," म्हणाली. दारात कुणी नव्हतं.

"अशीच करती ही," राजकन्या हसली. "कुनासंगं बी बोलती."

मॅडम हसल्या नाहीत. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि घरोघरी जाऊन ज्या आवाजात विचारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "विचार बाळ त्यांना, गाव कोणतं?"

पोरीनं ऐकलं. मग मान हलवली. "सांगंना गेल्यात. नुसत्या सिंधुमावशीकडं बघून राहिल्यात…"

ताई, माझी एकुलती एक लेक लातूरला दिलीय. तिला नववा लागलाय. तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत, काल रात्रीच फोनवर हसत होती. दारातली आज्जी कुणाच्या पोटातली असेल, ते माझ्या ध्यानात आलं. मॅडमनी माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. "ऊठ," म्हणाल्या. "वेळ आहे अजून आपल्याकडं." पुराव्याचं नावही काढलं नाही. स्टँडवर येईपर्यंत लातूरच्या दोन डॉक्टरांना फोन झाले होते, रक्तगट विचारून झाला होता.

लोहा मागं पडलं तेव्हा कंडक्टर आला. मी लातूरची दोन तिकिटं मागितली. तो माझ्या ह्या बाजूला बघून म्हणाला, "अन् ह्या आज्जींचं? पंचाहत्तरच्या वर असतील तर तिकीट न्हाई, पर कार्ड दावा."

मॅडमनी डोळे उघडले, त्या रिकाम्या जागेकडं नीट बघितलं आणि पर्स काढली. "कार्ड घरी राहिलं त्यांचं. अर्धं तिकीट द्या." मग थोड्या खिडकीकडं सरकल्या, मलाही सरकायला लावलं आणि झोपल्या.

तुम्ही अहमदपूरला चढलात. जागा रिकामी बघून बसायला आलात आणि मी हात आडवा केला, तुम्हाला तिथं उभं राहावं लागलं. राग मानू नका, ताई. तिकीट काढलेलं आहे.