चुन्याच्या रेघेपलीकडून

पहिल्याच बाराचा आवाज चुकला.

पॉइंट टू-टू रायफलचा बार वाळकी काडी मोडावी तसा वाजतो. हा पत्रा फाटल्यासारखा वाजला. तीन नंबरच्या चटईवर पालथी पडलेली काजल देवतळे बंदूक टाकून उठून बसली. तिच्या आजोबांच्या जुन्या रायफलची नळी तोंडापाशी उकलून दोन्ही बाजूंना वळली होती. शेजारी चार नंबरवर, समोरची वाळूची पिशवी नीट करायला पुढे सरकलेला आदेश गुंडावार उजवा डोळा दाबून बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं.

जाम गावच्या चौकापासून थोडं आत, संत्र्याच्या वाडीमागे हे मैदान होतं. जुन्या, बारीक नळीच्या रायफली जपणारे आठ-दहा हौशी लोक रविवारी सकाळी इथे जमत. मैदान रूपराव गुंडावारांचं. मंडळाचे अध्यक्षही तेच. आदेश त्यांचा एकुलता मुलगा.

ठाणेदार रक्षा नखाते पोचली तेव्हा आदेशला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं होतं. नेलं होतं ड्रायव्हरनं. रूपराव मांडवात खुर्चीवर बसून होते.

"तुमी गेले नाई सोबत?" रक्षानं विचारलं.

"मी काय डॉक्टर आहो? इथं कोणी तरी शहाणं माणूस पाहिजे ना. नाईतर या लोकायनं सारा पुरावा तुडवला असता." त्यांनी काजलकडे बोट केलं. "हिले पहिले आत घाला. मी शंभरदा सांगतलं, हे भंगार मैदानात आणू नको. भंगार फुटतेच."

काजल तळेगावची. शाळेत शिकवायची. तिच्या ओढणीवर आदेशचं रक्त वाळलं होतं.

रक्षानं फुटलेली रायफल उचलली. पोलीस खात्याच्या स्पर्धांत तिनं स्वतः टू-टू चालवलेली होती. नळी मागून धड होती. चीर तोंडापासून सुरू होऊन थोड्या अंतरावर थांबली होती, आणि जिथे थांबली तिथे आतल्या बाजूला शिशाचं करडं कडं चिकटलेलं होतं.

"भंगार फुटलं असतं तर मागून फुटलं असतं," ती म्हणाली. "जोर तिकडं असते. हिच्या तोंडात काहीतरी अडकून होतं."

"मग हा बिनडोक भैताड," रूपराव लगेच म्हणाले. मांडवाच्या खांबापाशी राखणदार डोमाजी उभा होता. "सकाळी बंदुका यानंच पुसल्या. चिंधी राह्यली असंल नळीत. याच्याकडून दुसरं काय होणार?"

डोमाजी खाली पाहत म्हणाला, "चिंधी मोजून घालतो मी, साहेब."

"मोजता येते तुले?"

दोघं-तिघं हसले. सवयीनं हसले. रक्षानं त्या हसणाऱ्यांकडे पाहिलं, आणि तिला रूपरावांपेक्षा त्यांचाच जास्त तिटकारा आला.

ती काजलजवळ बसली.

"बार टाकायच्या आधी नळी पाह्यली होती?"

"पाह्यली. डोमाजीकाकायनं पुसून देल्यावर मागचा बोल्ट सरकवून काढला अन् तिथून डोळा लावला. पलीकडचं आभाळ दिसत होतं. आबा म्हणत, आभाळ दिसल्याबिगर बोल्ट घालाचा नाई."

"मग?"

"बोल्ट घातला, उघडा ठेवला. बंदूक चटईवर ठेवली, तोंड समोरच्या बांधाकडं. अन् आमी सारे मांडवात चहाले आलो. समोर टारगेटचे कागद लावून होईपर्यंत बंदुकीले हात लावाचा नाई, असा नियम आहे."

"वापस गेल्यावर?"

"काडतूस घातलं. बार टाकला. आभाळ पुन्हा नाई पाह्यलं."

"ऐका," रूपराव म्हणाले. "मास्तरीणबाई आभाळ पाहून राह्यल्या होत्या."

रक्षा मैदानात गेली. चटयांच्या पुढे चुन्याची पांढरी रेघ होती. बंदुकांची तोंडं त्या रेघेवर टेकलेली होती. मागून आलेल्या माणसाला तोंडापर्यंत पोचायचं तर चटईवर गुडघे टेकून पूर्ण वाकावं लागलं असतं, तेही मांडवातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

ती मांडवात परतली. "चहाच्या वेळी मांडवात कोण नव्हतं?"

"मी नव्हतो," रूपराव म्हणाले. "कागद ठोकून राह्यलो होतो."

"ते काम कोणाचं?"

"डोमाजीचं. पण याले सरळ खिळा ठोकता येत नाई. आज म्हटलं, आपणच लावू."

"हातोडी-खिळे कुठं आहेत?"

रूपराव हसले. जाकिटाच्या खिशात हात घालून त्यांनी मूठभर चार इंची खिळे टेबलावर फेकले. "हे घ्या. ठेवा पुराव्याले. वर्ध्याच्या साहेबाले दाखवा, म्हणा, मोठा शोध लावला."

रक्षानं खिळे रुमालात गुंडाळून ठेवले. टेबलाच्या टोकाला मुकेश नावाचा जाममधला टायरचा दुकानदार बसला होता. मघाशी हसणाऱ्यांत तोही होता.

"कागद लावून रूपरावजी वापस कसे आले?"

"दर रविवारी येतात तसेच," मुकेश म्हणाला. "बंदुका पाहत पाहत. एकेकीपाशी वाकतात अन् नावं ठेवतात. माह्या बंदुकीले आज म्हणाले, हिच्यानं चुलीत फुंकर मार."

"रेघेच्या कोणत्या बाजूनं येतात?"

मुकेशनं चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. "पुढच्या," तो म्हणाला.

"मंडळात छऱ्याची, हवेच्या दाबावरची बंदूक कोणाकडं आहे?"

"आमच्यापैकी कोणाकडं नाई. साहेबाच्या वाडीत आहे एक. माकडं हाकलाले."

"जाममध्ये दर दुसऱ्या घरी आहे," रूपराव म्हणाले.

निघताना रक्षानं काजलला बाजूला घेतलं. "या रूपरावजीचं अन् तुमचं काय बिनसलं?"

काजलनं सांगितलं. रूपरावांकडे एक रायफल आहे. एका राजाच्या शिकारखान्यातली, दीडशे वर्षांची, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. दिवाळीच्या स्पर्धेत आदेशनं ती काजलच्या हातात दिली. नळीखालचा शिक्का पाहून काजल सहज बोलून गेली की ही राजाची नाही, स्वातंत्र्यानंतरची आहे. लोक हसले. रूपराव नाही हसले.

"त्यानंतर आदेश माह्याजवळ शिकाले आला," ती म्हणाली. "बापाच्या शेजारची जागा सोडून चार नंबरवर. मी म्हनलं होतं त्याले, नको येऊ."

सायंकाळी रक्षा दवाखान्यात गेली. आदेश शुद्धीवर होता. डोळ्यावर पट्टी होती. तिनं त्याला एकच गोष्ट विचारली, उत्तर ऐकलं आणि दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसली. मग तिनं रूपरावांना बोलावून घेतलं. काजल आणि डोमाजी आधीच आले होते.

"पकडलं का हिले?" रूपरावांनी आल्या आल्या विचारलं. मुलगा कसा आहे, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"बसा, रूपरावजी."

"मी उभाच बरा."

"मग उभं राहून ऐका. नळीत जे अडकलं ते काजलनं आभाळ पाह्यल्यावर अडकलं. म्हणजे डोमाजीच्या पुसण्याचा सवाल संपला. बंदूक त्यानंतर चटईवर पडून होती. शिसं तोंडाकडून आत गेलं, अन् तोंड होतं रेघेवर. रेघेच्या पुढं त्या वेळात एकच माणूस होता."

"मी कागद लावत होतो."

"लावून झाल्यावर तुमी बंदुकीबंदुकीपाशी वाकले. मांडवातून सारे पाहून राह्यले होते, पण कोणाच्या मनात काही आलं नाई. काऊन की तुमी दर रविवारीच वाकता. लोकायच्या वस्तूले नावं ठेवाची तुमची खोड साऱ्यायले पाठ आहे. तिच्याच आड तुमी खिशातून छर्रा काढला, नळीच्या तोंडात बसवला अन् खिळ्यानं आत ढकलला. मऊ शिशाचा, टू-टूच्याच मापाचा तो छर्रा. मागून पोकळ. खिळ्याचं टोक त्यात बरोबर बसते."

"हे सारं तुमचं डोकं."

रक्षानं रुमाल उघडला. "खिळे तुमीच देले. माह्या तोंडावर फेकले. तपासाले आलेली बाई काय समजणार, असं वाटलं तुमाले. बाकीचे खिळे काळे, कोरडे आहेत. हा एक पाहा. टोकाले शिसं लागून आहे, अन् माथ्यापर्यंत बंदुकीचं तेल. नळीची चीर जिथं संपते, तेवढाच हा लांब आहे. तुमच्या वाडीतले छर्रेही माणूस पाठवून जप्त केले. नळीतलं शिसं अन् ते, दोन्ही तपासाले चालले."

रूपरावांचा चेहरा बदलला, पण तो घाबरल्याचा नव्हता. किळस आल्याचा होता.

"नळी खराब व्हावी एवढंच होतं," ते म्हणाले. "दोन दमड्यांचं भंगार घेऊन माह्या मैदानात माह्यासमोर शहाणपण शिकवते. बार वाकडा गेला असता, लोक हसले असते, अन् ही गेली असती तळेगावले. कोणाले लागाचं नव्हतं."

"अडकलेल्या नळीनं काय होते, यावर तुमी दर नव्या सभासदाले अर्धा तास भाषण देता. मले तीन जणायनं सांगतलं." रक्षाचा आवाज चढला नाही. "काजलचा हात गेला असता, हे तुमाले माहीत होतं. फक्त तुमचा पोरगा पुढं सरकंल, हे माहीत नव्हतं. अन् तो दवाखान्यात पडल्यावरही तुमी मांडवात बसून दुसऱ्यायची नावं घेत राह्यले. मी खुनी पाह्यले, रूपरावजी. त्यातल्या काहींबद्दल मले थोडं तरी वाईट वाटलं."

काजल भिंतीला टेकून उभी होती. डोमाजीनं टोपी काढून हातात घेतली होती.

"आदेशले हे सांगू नका," रूपराव म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

"त्यानंच सांगतलं मले. मी विचारलं, तिच्या बंदुकीपाशी कोणी थांबलं होतं का? तो म्हणाला, बाबा थांबले होते. गुडघ्यावर बसले होते. त्याले वाटलं, चांगली वस्तू आहे म्हणून पाहून राह्यले. त्याले बरं वाटलं होतं."

रूपराव तिला ओलांडून खोलीत शिरले. रक्षानं दाराशी उभ्या शिपायाला हातानं थांबवलं आणि मागोमाग गेली.

आदेश उशीला टेकून बसला होता. दार उघडंच होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"बेटा," रूपराव म्हणाले, "ते या लोकायनं... तू ऐकून घेजो माह्यं. त्या पोरीचं काय आहे, ती..."

आदेशनं एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे पाहावं, तसं. मग तो रक्षाकडे वळला.

"मॅडम, यायले न्या आता," तो म्हणाला. "मले झोपाचं आहे."