तलावातलं इंजिन

कोहमाऱ्याच्या चौकातून गोंदियाकडे वळलं, की धाबे संपता संपता डाव्या हाताला ओमेश कटरेचं गॅरेज लागतं. टिनाची शेड, पुढे काळं तेल पिऊन पिऊन डांबरासारखी झालेली जमीन आणि मागे राहायची एक लांबलचक खोली. ओमेश एकटाच राहायचा. आई-वडील कधीचेच गेले होते, लग्न जमता जमता राहून गेलं होतं. आपलं म्हणावं असं माणूस एकच, मोठी बहीण दुर्गेश्वरी. तिला तो बाई म्हणायचा. आई गेल्यावर तिनंच त्याला खाऊ-पिऊ घालून मोठं केलं होतं.

बाईचं सासर तलावापलीकडच्या गावात. नवरा दुधराम शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी आजूबाजूच्या टोल्यांतून, वस्त्यांतून पोरं भरायची, तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, रस्त्याला लागायचं, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. त्यांची मुलगी गुंजनही त्याच व्हॅनमध्ये जायची. होळी झाली आणि व्हॅनचं इंजिन बसलं. धूर तर कधीपासूनच टाकत होतं, आता पाण्यासारखं ऑइल प्यायला लागलं. ओमेशनं उघडून पाहिलं आणि फडक्यानं हात पुसत म्हणाला, "भाऊजी, याच्यात आता काही उरलं नाही. दुसरं जुनं इंजिन पाहून टाकू."

"जल्दी पाय बाबू," दुधराम म्हणाला. "पोट्ट्यांच्या परीक्षा आहेत. शाळावाले दुसरी गाडी लावतो म्हनून राहिले."

म्हणून ओमेश गोंदियाला गेला. शहराबाहेर बकारामचं मोडीचं आवार होतं. चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले, आत ठोकलेल्या, जळलेल्या, चेपलेल्या गाड्या एकीवर एक रचलेल्या. ओमेशला हवी तशी व्हॅन शेवटच्या रांगेत उभी होती. आश्चर्य म्हणजे तिला कुठं ठोकर लागलेली दिसत नव्हती. काचासुद्धा शाबूत. त्यानं ड्रायव्हरची सीट उचलली. या गाड्यांचं इंजिन सीटखालीच असतं. त्यावर बारीक राखाडी गाळ वाळून बसला होता, आणि पाइपात अडकलेला कमळाचा एक देठ, सुकून दोरीसारखा झालेला.

बकाराम मागे येऊन उभा राहिला. म्हातारा, डोक्याला दुपट्टा.

"तलावातली आहे," तो म्हणाला. "गेल्या पावसाळ्यातली. तुमच्याच तिकडची."

ओमेशला सांगायची गरज नव्हती. सगळ्या तालुक्याला माहीत होतं. बारशाहून परतणारं कुटुंब. नवरा-बायको, म्हातारी आणि एक लहान पोरगं. पाळीवरून गाडी सरकली आणि सरळ पाण्यात. लोक धावले, पोहणारे उतरले, पण ते मागचं सरकतं दार काही केल्या उघडलं नाही.

"इंजिन चांगलं आहे," बकाराम म्हणाला. "पान्यात गेलं तेवढंच. धुऊन-पुसून होईल. पर ज्याच्या गाडीत टाकशील त्याले सांगून टाकजो."

"सांगतो ना," ओमेश म्हणाला.

त्या क्षणी त्याला खरंच सांगायचं होतं. परतताना टेम्पोत बसल्या बसल्या मात्र त्याच्या डोळ्यांपुढे बाईचा चेहरा आला. ती कधीच ऐकणार नाही. दुसरं इंजिन मिळेपर्यंत शाळेचं काम जाईल. आणि शेवटी काय, लोखंडच तर आहे! त्यानं ते इंजिन पार सुटं केलं, डिझेलनं धुतलं, रिंगा, गॅसकेट, सील सगळं नवं टाकलं. कमळाचा देठ शेडमागे फेकून दिला. काम त्यानं मनापासून केलं, इतकं मनापासून की सांगायचं राहिलंय ही टोचणी त्या मेहनतीखाली दबून गेली.

गाडी न्यायला बाई स्वतः आली. हळद-कुंकू आणि नारळ घेऊन. सीट उचलायला लावून तिनं इंजिनला कुंकू लावलं. मग सहज विचारलं, "कोनाची होती रे ते गाडी?"

"रायपूरच्या एका मास्तरची," ओमेश म्हणाला. "मांगून ट्रकनं ठोकली. समोर खरोचही नाही."

"मानसाले काही झालं नाही ना?"

"नाही वं बाई."

"मंग ठीक आहे." तिनं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा आधी त्याच्या हातावर ठेवला. "तू बसवलास, मंग मले काही भेव नाही."

ते खोबरं त्यानं खाल्लं नाही, मुठीत तसंच धरून ठेवलं.

गाडी झकास चालली. दुधराम भेटेल त्याला सांगायचा. एप्रिल लागला, विदर्भाचं ऊन तापलं. एरवी या दिवसांत इंजिनच्या आचेनं ड्रायव्हरच्या सीटवर बसवत नाही. दुधराम मात्र एक दिवस गॅरेजवर थांबून हसत म्हणाला, "काय इंजिन टाकलास बाबू! सीट गार राहते. माठावर बसल्यावानी."

ओमेशही हसला. मग त्यानं सीट उचलली आणि इंजिनवर हात ठेवला.

गाडी पंचवीस-तीस किलोमीटर पळून आली होती. हात भाजायला हवा होता. तळव्याला लागला तो थंडावा... तलावात खोल बुडी मारल्यावर पायाला लागतो तसा, खालचा, अंधारातला. डॅशबोर्डवर पाहिलं तर तापमानाचा काटा तळाशी पडलेला.

"थर्मोस्टॅट अडकला असेल," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा वाटला.

थर्मोस्टॅट बदलला. काटा हलला नाही. ऑइल काढलं तर त्यात वाटीभर पाणी निघालं. गॅसकेट कुठंही फुटलेलं नव्हतं, रेडिएटरचं पाणी कमी झालेलं नव्हतं. हे पाणी कुठलं? वास घेतला. गाळाचा आणि सडलेल्या शेवाळाचा वास होता. त्यानं ते पाणी घाईघाईनं मातीत ओतलं. कोणी पाहिलं तर नाही, म्हणून इकडं-तिकडं बघितलं.

पुढच्या वेळी दुधराम आला तेव्हा हसत नव्हता.

"बाबू, मागचे पाटे पाय जरा."

"काय झालं?"

दुधराम जवळ सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पोट्टे उतरतात. सगळे उतरतात, मी मोजून घेतो... पर गाडी वर उठत नाही. भरलेलीच राहते."

ओमेशनं वाकून पाहिलं. रिकामी व्हॅन मागून दबलेली होती, चार माणसं बसल्यासारखी. स्प्रिंगचे पाटे नवे होते. सरळ. एकही तुटलेला नव्हता.

"आन पोट्टे मागच्या सीटवर बसत नाहीत," दुधराम म्हणाला. "दाटीवाटीनं समोर बसतात. काऊन म्हनलं तं म्हनतात, जागा नाही."

"गुंजन?"

"तेही."

ओमेशनं गाडी ठेवून घेतली. दुधरामला आपली मोटारसायकल देऊन घरी पाठवलं. आणि भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो व्हॅन घेऊन एकटाच तलावाकडे निघाला. काय पाहायचं होतं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की आपल्या खोट्यावर बाईची पोरगी रोज बसून जाते आणि आपण इथं पान्हे घासत बसलोय.

ऊन पांढरंशुभ्र होतं. धानाच्या बांध्या कोरड्या, भेगाळलेल्या. मोहाच्या झाडाखाली सुद्धा कोणी नव्हतं. गाडी जड चालत होती. चढावर तर असा दम घेत होती, जणू मागं वऱ्हाड भरलंय. त्यानं आरशात पाहिलं. मागच्या सीटा रिकाम्या होत्या.

पाळ आली. एका बाजूला आटत चाललेला तलाव, दुसऱ्या बाजूला खोल उतार. अर्ध्या पाळीवर इंजिनचा आवाज थांबला. गाडी मात्र थांबली नाही. ती तशीच, आवाज न करता, हलकेच पुढं सरकत राहिली. त्यानं ब्रेक दाबला तेव्हा कुठं ती उभी राहिली. आणि मग काचा... सगळ्या काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. बाहेर एवढं ऊन असताना गाडीत गारठा पसरला. गाळाचा वास आला.

मागं कोणीतरी होतं. आवाज काहीच नव्हता, आणि तेच भयंकर होतं. तिथली शांतता श्वास रोखून बसलेल्या माणसांची होती. एकाची नाही. बऱ्याच जणांची. ओमेशनं स्वतःचाही श्वास कधी रोखला, त्याला कळलं नाही. छाती फुटायला आली. आणि तेव्हा अगदी मानेमागून, थकलेल्या बाईमाणसाचा आवाज आला.

"भाऊ... दार उघडून देजो ना..."

तो कसा उतरला, कसा वळसा घालून मागं गेला, कुणास ठाऊक. दार घट्ट बसलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी मूठ धरली, पाय रोवला आणि ओढलं. दार खरखरत सरकलं.

आत कोणी नव्हतं. पण गाडी उठली. करकर करत, एकेका माणसाचं वजन उतरावं तशी टप्प्याटप्प्यानं मागून वर आली. शेवटचा हिसका अगदी हलका होता, पोराटोराचा. ओमेशच्या डाव्या अंगाला क्षणभर गार लागलं, जवळून कोणी गेल्यासारखं. मग पुन्हा ऊन, आणि पाळीवर एक टिटवी ओरडत राहिली.

त्यानं सीट उचलून इंजिनला हात लावला. हात भाजला.

तिथून तो थेट बाईकडे गेला. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, जड वास सुटला होता. बाई खाली बसून फुलं निवडत होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. गाडी कुठली, इंजिन कुठलं, मास्तर कोणी नव्हताच.

बाईचे हात थांबले.

"सांगतला असता तं मी नाही म्हनली असती. म्हनून नाही सांगतलास ना?"

"हो."

"मह्या पोरीले तू त्याच्यावर बसवलास. गावच्या पोट्ट्यांले बसवलास. आन मी त्याले कुंकू लावलं, ओमेश. तू पाहत होतास." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "काढ ते. आन मी बोलावल्याबिगर या घरी येऊ नको."

दाराचं त्यानं सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. पण आधीच एवढं ऐकल्यावर तिला आणखी काय घाबरवायचं, आणि ते संपलंच आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

इंजिन काढून त्यानं बकारामला परत दिलं. म्हातारा त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला. नागपूरहून दुसरं इंजिन आलं. त्याची सगळी हकीकत ओमेशनं न विचारता दुधरामला सांगितली. पोरं मागच्या सीटवर बसू लागली. परीक्षा झाल्या, शाळेला सुट्या लागल्या. सगळं ठीक झालं. फक्त बाईचा फोन येत नव्हता. जेवायला बसलं की ओमेशला हातावरचं ते खोबरं आठवायचं आणि ताट तसंच सरकवून तो उठायचा.

मग मे महिन्यात एका दुपारी फोन आला.

"ये जरा," बाई म्हणाली. आवाज जुना, मऊ होता. "सरबत करून ठेवतो तुह्यासाठी."

तो धावतच गेला. बाई ओसरीत बसली होती, गुंजन तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. बाईनं त्याला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला. ओमेशचे डोळे भरून आले.

"मी लय बोलली रे तुले त्या दिवशी. आज ते पाव्हने आले, आन मले माहीच लाज वाटली."

"कोन पाव्हने?"

"तुह्या वळखीचेच ना. नवरा-बायको, एक म्हातारी आन लहानसं पोरगं. तुह्यं नाव घेत आले. म्हातारीनं तुही लय तारीफ केली. म्हने, एवढे लोक होते, पर आमच्यासाठी दार उघडलं ते तुमच्या भावानंच." बाई हसली. "अंगावरचे कपडे ओले होते त्याईचे. या उन्हात कुठं भिजले कोन जाने. आत या म्हनलं तं आले, बसले. काही खाल्लं नाही. पोरगं गुंजनचा हातच सोडे ना."

ओमेशनं अंगणात नजर टाकली.

"आता... कुठं आहेत?"

"गेले. राहाले जागा नाही म्हनत होते बिचारे. मी म्हनलं, ओमेश एकटाच राहते, खोली लांबलचक आहे. जा म्हनलं खुशाल, तुमचंच घर समजा." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "बरं केलं ना रे?"

त्यानं गुंजनकडे पाहिलं. झोपेत तिची मूठ अर्धी उघडी पडली होती, पोरीच्या बोटांची टोकं पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. ते इथून गेले होते. आता सांगितलं तर या घरात कोणी कधी निजणार नाही.

"हो बाई," तो म्हणाला. "बरं केलंस."

उन्हं कलली तेव्हा तो कोहमाऱ्याला पोचला. चौकात ट्रक थांबले होते, धाब्यांवर चुली पेटल्या होत्या, सगळं रोजच्यासारखं होतं. शेड ओलांडून तो मागच्या खोलीपाशी गेला. दाराला सकाळी लावलेलं कुलूप तसंच लटकत होतं. त्यानं खिशातून किल्ली काढली.

आतून कोणीतरी हलकेच कडी लावून घेतली.