उजव्या खांद्यावरची फेक

तीन आठवड्यांपूर्वी नदीच्या वळणावर दोघांच्या मासेमारीच्या लाइनचा गुंता झाला, तेव्हा चूक सरळसरळ त्याची होती. तरी गुंता सोडवताना हसत होता तोच, आणि तिला राग यायच्याऐवजी... जाऊ दे. तेव्हापासून दोघं रोज सकाळी तिथंच सराव करायचे. दोन हातांनी पेलायचे ते लांबलचक रॉड घेऊन, एकाच थर्मासमधला चहा पीत.

आणि आज? आज तोच माणूस परीक्षकाचा बिल्ला लावून तिच्या पाठीमागे उभा होता आणि तिला "उमेदवार" म्हणत होता! नेमलेले परीक्षक आजारी पडले म्हणून मासेमारी मंडळानं ऐनवेळी याला पाठवलं होतं, हे ठीक. पण डोळ्यांनी ओळख दाखवायला काय जात होतं?

पास झाली तरच ती मामाच्या शिबिरात फेक शिकवू शकणार होती. नाहीतर यंदाही पाहुण्यांचे चिखलाचे बूट धुणं आलंच.

नियम साधा होता. कुठल्या खांद्यावरून फेकणार ते आधी सांगायचं, मग तशीच फेकायची. तिनं उजवा खांदा सांगितला. लाइन उचलते न उचलते तोच वारा फिरला आणि उजवीकडून जोरात आला. तिनं क्षणात हात बदलले, डाव्या खांद्यावरून लाइन सोडली. ती पार पलीकडच्या खडकापाशी जाऊन अलगद पडली.

"नापास," तो कागदाकडे बघत म्हणाला. "सांगितलेली फेक केली नाही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "उजवीकडून फेकली असती तर वाऱ्यानं गळ तुमच्या कानात घातला असता!"

"परीक्षेत गळ नसतो. टोकाला लोकरीचा गोंडा असतो."

"हाताला ते कळतं? मी उद्या माणसांना शिकवणार आहे, गोंड्यांना नाही. धरा हा रॉड. फेका उजवीकडून."

त्यानं मुकाट्यानं रॉड घेतला. त्याच वाऱ्यात उजवीकडून लाइन फेकली. गोंडा सप्पकन त्याच्या कानावर बसला.

कान चोळत तो काठावर बसला आणि कागदावर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. मग त्यानं तो तिच्यापुढे धरला. 'फेरपरीक्षा शनिवारी, दुसऱ्या परीक्षकाकडून. कारण: या उमेदवाराबद्दल मला प्रेम वाटतं. ते दिसू नये म्हणून मी अन्यायानं वागलो.'

तिनं दोनदा वाचलं. कानशिलं तापली.

"म्हणजे... तुझ्या मनात काहीतरी होतं म्हणून मला नापास केलंस?"

"हो. चुकलंच माझं."

"आणि हे मंडळातले सगळे वाचणार?"

"वाचायलाच हवं."

"तीन आठवडे मी शेजारी उभी होते. आणि कळवलंस कुणाला, तर मंडळाला?"

तिनं कागद घडी करून त्याच्या खिशात ठेवला, आणि हात तिथंच जरा रेंगाळला.

"उत्तर शनिवारी निकालानंतर मिळेल. तुझ्या वशिल्यानं पास झाले असं कुणी म्हणायला नको."

"आणि... नापास झालीस तर?"

"तरी हो," ती रागानंच म्हणाली. "पण शनिवारी."