मुकी पट्टी

"टॉर्च जरा डावीकडे धरा ना, मामा. आणि हलवू नका."

गाण्याची टीचर पियानोखाली अर्धी शिरली होती. टॉर्च डावीकडे सरकला. तो शाळेच्या शिपाईमामांच्या हातात आहे, असा तिचा समज होता.

"काय शोधतोय आपण?" वरून आवाज आला. आवाज तरुण होता आणि हसू दाबत होता.

ती दचकली, डोकं टणकन लाकडावर आपटलं. "दात," ती डोकं चोळत बाहेर आली. "म्हणजे... माझा नाही. पहिलीतल्या मुलीचा."

"बरं झालं सांगितलंत," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "मी विचारणारच होतो."

तो पियानोचे सूर लावून देणारा होता. शाळेची शताब्दी जवळ आली म्हणून मुख्याध्यापिका सिस्टरनी त्याला बोलावलं होतं. टीचर लालबुंद झाली. त्याने आधी तिच्या केसांतलं जळमट काढावं की आधी पिशवी खाली ठेवावी, याचा विचार केला आणि पिशवी खाली ठेवली. हे तिच्या लक्षात आलं.

काळजी करण्यात या टीचरचा हात धरणारं कोणी नव्हतं. गॅस बंद केला का, पासून जग उद्या राहील का, पर्यंत सगळं तिच्याच डोक्यावर. पण या वेळी कारण खरं होतं. ती शाळेत नवीन होती आणि शताब्दीला शाळांच्या मंडळाचे साहेब येणार होते. मुलांचं गाणं ऐकून संगीताचा तास ठेवायचा की काढायचा, हे ते ठरवणार होते. तास गेला की तिची नोकरीही गेलीच. शाळेचे शंभर भरताहेत की आपले, हा विचार करत ती रोज झोपायची.

शाळा गोदीकामगारांच्या मुलांसाठी तीन सिस्टर्सनी लोकरीच्या गोदामात सुरू केली होती. आता गोदी गेली, लोकर गेली, शाळा मात्र एका बँकेच्या आणि गॅरेजच्या मध्ये अंग चोरून उभी होती. आईबाप लवकर कामावर जातात म्हणून सकाळी हॉलमध्ये पोरांना दूध-पाव. दुपारी मोठी मुलं धाकट्यांना गोष्टी वाचून दाखवत. शाळा सुटल्यावर, घरचं माणूस न्यायला येईपर्यंत अभ्यास. सगळं त्याच हॉलमध्ये, आणि कोपऱ्यात हा पियानो.

"ही पट्टी मुकी आहे," त्याने एक पट्टी दाबून पाहिली. "कधीपासून?"

"कायमची. कुणी म्हणतं दूध सांडलं, कुणी म्हणतं उंदीर."

त्याने पट्टी अलगद उचलून काढली. खाली दात नव्हता. एक काळा, गुळगुळीत मणी होता, जपमाळेतला. कुठल्या तरी सिस्टरची माळ कधीतरी तुटली असणार. त्याने तो फुंकर मारून तिच्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं तिथे जरा... रेंगाळली. दात पुढे त्या मुलीच्या मोज्यात सापडला, पण तोवर दाताची आठवण कुणाला होती?

पियानो एका दिवसात नीट झाला असता. तो पुन्हा आला.

"तारा बसायला वेळ लागतो," तो म्हणाला.

मग हवा दमट होती म्हणून आला. मग हवा कोरडी होती म्हणून. तिला प्रत्येक वेळी वाटायचं, आज शेवटचं. तो पिशवी आवरू लागला की ती म्हणायची, "हा स्वर... जरा खाली वाटतोय का हो?"

"वाटतोय खरा," तो म्हणायचा, आणि नीट असलेला स्वर पुन्हा लावायचा.

समारंभाच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्याने पिशवी आवरली आणि तो उठलाच नाही.

"टीचर, आता माझ्याकडे कारणं संपली. मला तुमच्याकडे... पियानो नसला तरी यायचंय. नेहमीच. लग्न करून. चालेल तुम्हाला?"

तिच्या तोंडातून 'हो' निघणार, तोच दार उघडलं. माजी विद्यार्थी शाळेच्या मुलांबरोबर तालमीला आले. सत्तरी ओलांडलेले आजोबा, बाळ कडेवर घेतलेल्या आया. "उद्या सांगते," ती पुटपुटली, "कार्यक्रम होऊ दे," आणि शाळेचं गाणं वाजवू लागली.

पहिल्या कडव्याच्या शेवटी घोटाळा झाला. माजी विद्यार्थी एकदम गप्प झाले, एक श्वास थांबले आणि मग शेवटचा शब्द म्हणाले. मुलं तोवर पुढच्या कडव्यात पोचली होती. सगळा गोंधळ.

"इथे थांबायचं असतं, बाळ," एक आजोबा समजावू लागले. "इथे पियानो गप्प असतो. आम्ही असंच शिकलो."

मुकी पट्टी नेमकी तिथली होती. पिढ्यान्‌पिढ्या पोरं पियानोबरोबर गप्प राहिली होती. तिने मात्र भिंतीवरच्या छापील गाण्यावरून मुलांना सलग शिकवलं होतं.

सगळे गेल्यावर ती रडकुंडीला आली. "मुलांना तिथे थांबायला सांगेन, पण माझंच बोट ऐकायचं नाही. सवयीने पट्टीवर जाईल, ती वाजेल, मुलं धावत सुटतील... गेली माझी नोकरी."

त्याने हात पुढे केला. "मणी आहे?"

तो तिच्या पर्समध्येच होता. रोज असायचा. त्याने पट्टी काढली, मणी होता तिथे ठेवला, पट्टी बसवली. स्वतः जीव लावून बोलती केलेली पट्टी त्याने तिच्यासाठी पुन्हा मुकी केली.

"आता खुशाल चुका," तो म्हणाला. तिला तेव्हाच त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

समारंभाला हॉल गच्च भरला. पुढच्या रांगेत साहेब, कपाळाला आठ्या. ती म्हणाली, "शेजारी बसा. पानं उलटा."

पहिलं कडवं. बोट गेलंच पट्टीवर... पण पट्टी गप्प राहिली. हॉल थांबला, मुलंही थांबली. दुसरं कडवंही तसंच. तिसऱ्याला अख्खा हॉल मोठमोठ्याने गाऊ लागला आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला. तो पान उलटायला वाकला. एवढ्या गोंगाटात कोण ऐकतंय, म्हणून ती त्याच्याकडे वळून जोरात म्हणाली, "अहो, कालचं उत्तर... हो! करायचंय मला लग्न!"

'हो'पर्यंत गाणं होतं. मग थांबायची जागा आली आणि उरलेलं वाक्य शांततेत पडलं.

मग मागून एक आजोबा म्हणाले, "झालं का? आम्ही शेवटचा शब्द म्हणू?" आणि हॉल हसत हसत गाऊ लागला. तिच्या शेजारी त्याने तोंड पानांमागे लपवलं होतं. कान मात्र लाल दिसत होते.

सोमवारी सिस्टरनी तिला बोलावलं.

"तास राहिला," सिस्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. "साहेबांना तिसरं कडवं फार आवडलं."

ती धावत हॉलमध्ये आली. दारात तो पिशवी घेऊन उभा. "तारा बसल्यात का, बघायला आलो."

"कारणं कशाला शोधतोस आता?" ती म्हणाली, आणि पियानोपाशी बसली.

प्रार्थनेनंतर मुलांनी शाळेचं गाणं धरलं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी तिचं बोट मुक्या पट्टीवर टेकलं आणि ती थांबली. मुलं काही गप्प राहिली नाहीत. पहिलीपासून सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "हो!"